पंचाहत्तरीचा धूर

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला त्यांना जन्मभर आठवेल असं काहीतरी करायचं, असं नम्रतानं ठरवलं होतं. आणि तिनं ते केलंही.

औक्षण झालं, सासूबाईंनी निरांजनाचं ताट खाली ठेवलं. बिबवेवाडीच्या त्या फ्लॅटचा हॉल पाहुण्यांनी भरलेला. नम्रता शोकेसपाशी गेली, वर ठेवलेल्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची वायर तिनं प्लगमध्ये खोचली आणि "बाबा, आता ऐका हं!" म्हणत बटण दाबलं. रेडिओ आधी घुमला, मग आतून 'फट्' झालं आणि मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून धूर निघायला लागला. सासूबाईंनी, म्हणजे कुसुमताईंनी, धावत जाऊन प्लग उपटला म्हणून पुढचं टळलं. पण जळका वास असा पसरला की श्रीखंडालाही तो लागल्यासारखा वाटत होता.

कुणीतरी हसलं. सासरे, माधवराव, हसले नाहीत. त्यांनी रेडिओ दोन्ही हातांनी उचलला, आतल्या खोलीत नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन बायकोला म्हणाले, "तिला म्हणावं, पुढच्या वर्षी शहात्तरी आहे. तेव्हा घर पेटव."

त्या दिवसापासून माधवराव सुनेशी बोलेनासे झाले. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. पुणेरी माणसाला त्याची गरज लागत नाही. नम्रता दोन हातांवर उभी असायची आणि ते कुसुमताईंना सांगायचे, "तिला विचार, चहा घेणार का." नम्रता कुसुमताईंकडे बघून म्हणायची, "घेईन." आणि कुसुमताई कंटाळून म्हणायच्या, "घेईल म्हणते."

लांबून बघणाऱ्याला हसू आलं असतं. नम्रताला मात्र ते फार लागलं. ती उदगीरकडची. आमोदशी लग्न करून या घरात आली तेव्हा इथलं तुटक बोलणं तिला टोचायचं. प्रत्येक वाक्यात आपली काही चूक काढली जातेय की काय असं वाटायचं. तेव्हा तिला जवळ केलं ते माधवरावांनी. रोज संध्याकाळी ते पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसायचे, मोठ्यानं सूत्र वाचायचे आणि नम्रतानं उत्तर द्यायचं. तिनं एखादा उदगिरी शब्द दिला की चौकटीत बसत नसला तरी खूश व्हायचे. आता ते कोडं एकटे सोडवत. चौकटी रिकाम्या राहत, पण ते विचारत नसत.

"एका रेडिओसाठी एवढं?" एकदा न राहवून तिनं कुसुमताईंना विचारलं. "तसाही तो इतकी वर्षं बंदच होता ना?"

कुसुमताई भाजी निवडत होत्या. "पहिल्या नोकरीत घेतलेला तो. लक्ष्मी रोडवरून सायकलच्या कॅरिअरला बांधून चालत आणला होता, पडेल म्हणून सायकलवर बसलेसुद्धा नाहीत. गल्लीतली माणसं आमच्याकडे बातम्या ऐकायला यायची. मग इथे राहायला आलो, टीव्ही आला, रेडिओ वर गेला तो गेलाच. पण रोज फडकं मारायचे. मी कितीदा म्हटलं, लावून बघा. तर म्हणायचे, बघू."

"का पण?"

"अगं, बंद पडलाय हे कळलं नव्हतं तोवर तो त्यांच्या लेखी चालूच होता. ते तू त्या दिवशी चारचौघांत संपवलंस."

 उत्साह नम्रताच्या नेहमीच अंगाशी यायचा. महिन्याभरापूर्वी गौरींच्या मखराला तांब्याची जाळीदार झालर बांधतानाही तिनं घाईत बोट कापून घेतलं होतं. पण बोट आपलं होतं. हे नुकसान दुसऱ्याचं होतं आणि ते भरून द्यायचं, असं तिनं तिथेच भाजीसमोर ठरवलं.

आमोदला हे पटेना. "अगं, सोड ना. ऑनलाइन सेम तसाच दिसणारा मिळतो, ब्लूटूथवाला."

"त्याच्यावर बाबा रोज फडकं मारतील?"

आमोदनं मोबाईल खाली ठेवला.

परवानगी अर्थातच कुसुमताईंमार्फत मागावी लागली. माधवराव पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तिला म्हणावं, जळून गेलेल्याला आणखी काय जाळणार? ने."

नम्रता आयटी कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि दुरुस्तीला परत त्यांच्याचकडे पाठवायच्या, हे तिचं काम. स्वतः काही दुरुस्त करण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. सोल्डरिंग आयर्न कुठल्या टोकाला गरम होतं इथपासून सुरुवात होती. कामावरून आल्यावर ती जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायची, रेडिओ उघडायची आणि मोबाईलवर व्हिडिओ लावायची. पहिल्याच व्हिडिओनं तिची कानउघाडणी केली: वर्षानुवर्षं बंद असलेल्या रेडिओला एकदम वीज द्यायची नसते, आतले कंडेन्सर खराब झालेले असतात. तिनं नेमकं तेच केलं होतं. दुसरा धडा असा, की प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते; आधी ती काढून टाकायची आणि तरीही एक हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही. ती तसं करायला लागली तेव्हा कुसुमताई म्हणाल्या, "कवायत चाललीये का?"

शनिवारी ती तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात गेली. जळक्या कंडेन्सरवरचे आकडे तिनं कागदावर उतरवून नेले होते.

"ताई, रेडिओ ऐकायचाय की दुरुस्त करायचाय?" दुकानदारानं विचारलं. "ऐकायचा असेल तर मोबाईलमध्ये येतो."

"दुरुस्त करायचाय."

"का?"

"मीच जाळलाय म्हणून."

 दुकानदारानं खण उघडला आणि तिला हवे ते सगळे कंडेन्सर मोजून दिले. निघताना एक जुना पिवळा बल्बही हातावर ठेवला. पहिल्यांदा चालू करताना हा रेडिओला जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडायचा, म्हणाला. बल्ब भगभगून पेटला तर आत घोटाळा आहे, लगेच बंद करायचं. पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही.

नव्या कंडेन्सरना सोल्डरचा डाग देताना तिची बोटं भाजली, टेबलावर काळा ठिपका पडला आणि एक तार तर तिनं चुकीच्या जागी जोडून पुन्हा काढली. अखेर एका संध्याकाळी तिनं बल्ब जोडून बटण दाबलं. बल्ब भगभगून पेटला. तिनं घाईघाईनं बंद केलं.

"तिला म्हणावं," आतून आवाज आला, "फायर ब्रिगेडचा नंबर भिंतीवर लावून ठेव."

नम्रताचे डोळे भरून आले, राग तर त्याहून जास्त आला. पण ती उठली नाही. दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेतेस ना, मग आता स्वतःची शोध, असं स्वतःला बजावत तिनं प्रत्येक जोड पुन्हा तपासायला घेतला. ते काम बरेच दिवस चाललं. शेवटी सापडलं ते इतकं साधं होतं की तिनं कपाळावर हात मारला: मोठा कंडेन्सर तिनं उलटा बसवला होता. प्लसच्या जागी मायनस.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं पुन्हा बटण दाबलं. बल्ब क्षणभर पेटला आणि मंदावला. रेडिओच्या पोटात एकेक व्हॉल्व्ह तांबूस उजळायला लागला. कुसुमताईंनी नकळत हात जोडले. माधवराव उठून गॅलरीत गेले आणि सकाळीच पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालायला लागले.

रेडिओतून आवाज आला. पण तो नुसताच 'खर्रर्र'. तिनं काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. दुसरं काही नाही.

"झालं की मग, धूर तरी नाही," आमोद समजुतीनं म्हणाला.

नम्रतानं दाद दिली नाही. आतलं सगळं ठीक होतं, तिची खात्री होती. मग बाहेरून काहीतरी कमी असणार. तिनं मागच्या पुठ्ठ्याकडे नीट पाहिलं. एका कडेला दोन छोटी भोकं होती, त्यांत काहीच जोडलेलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून ती तिला दिसत होती आणि तिनं कधी विचारच केला नव्हता.

"आई, याला एरियल होती का हो?"

"होती की. जाळीची पट्टी असायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तांब्याची, छान चमकणारी..." कुसुमताई बोलता बोलता थांबल्या. नम्रताचा हात आपोआप त्या कापलेल्या बोटाकडे गेला. दोघींनी एकदमच माळ्याकडे पाहिलं.

"अगं बाई," कुसुमताई हळूच म्हणाल्या. "घर बदललं तेव्हा एका खोक्यात गुंडाळलेली सापडली. मला वाटलं, कुणीतरी गौरींसाठी आणलेली झालर."

आमोदनं माळ्यावरून डेकोरेशनचं खोकं उतरवलं. पट्टी दोन तुकड्यांत निघाली. एक ज्येष्ठेच्या मखराची, एक कनिष्ठेच्या. कुसुमताईंनी कात्रीनं सारखी वाटणी केली होती. नम्रतानं दोन्ही टोकं खरडून स्वच्छ केली आणि मध्ये डाग दिला.  पट्टी भिंतीवर ताणून बांधली, तिची तार भोकात खोचली आणि बटण दाबून ती मागे सरकली. व्हॉल्व्ह तापायला जरा वेळ लागला.

"...डाळिंबावरील तेल्या रोगाचा प्रादुर्भाव टाळण्यासाठी शेतकरी बंधूंनी बागेत स्वच्छता राखावी..."

आवाज भरदार होता, खोलीभर पसरणारा. गॅलरीच्या दारात झारी घेतलेले माधवराव उभे होते. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी डाळिंब लावलं नव्हतं, तरी त्यांनी तेल्या रोगाची सगळी माहिती उभ्यानं ऐकून घेतली. झारीतून पाणी फरशीवर गळत होतं. त्यांना कुणी टोकलं नाही.

मग ते आत येऊन आपल्या खुर्चीत बसले. वर भिंतीकडे बघत राहिले.

"ही गौरींची झालर ना?" त्यांनी कुसुमताईंना विचारलं.

"अहो, त्याआधी ती तुमचीच होती."

"म्हणजे इतकी वर्षं आपण एरियलची पूजा करत होतो." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग त्यांचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"आवाज थोडा वाढवू का?" ते म्हणाले.

निरोप पोचवायची इतकी सवय झाली होती, की कुसुमताई लगेच सुनेकडे वळल्या.  पण माधवराव त्यांच्याकडे बघतच नव्हते.

"नम्रता," ते पुन्हा म्हणाले, "तुला विचारतोय मी. वाढवू का?"

"वाढवा की, बाबा," नम्रता म्हणाली, आणि रडायला लागली.