अंतेओने पाजलेलं तेल

फोस्का आणि तिचे वडील अंतेओ यांचं क्लचवरून वाजलं आणि घरात अबोला सुरू झाला. अबोला नावाचाच. दारं आपटायची, भांडी आदळायची, आणि जे काही सांगायचं ते मांजराला ऐकवायचं.

मोटरसायकल अंतेओची. तरुणपणी गावातल्या समुद्रकाठच्या रस्त्यावर त्याने तिच्यावर शर्यती मारल्या होत्या. आता बोटं वाकडी झाली, म्हणून जुन्या गाड्यांच्या शर्यतीत यंदा फोस्का बसणार होती. जुना क्लच दाबताना तिचा पंजा भरून यायचा. ती स्वतः मेकॅनिक. तिने तो काढून हलका, नव्या पद्धतीचा क्लच बसवला, साखळीच्या जागी पट्टा चढवला. म्हातारा भडकला.

"शिवणयंत्र केलंस माझ्या गाडीचं! आता पडदे शिव त्यावर!"

"त्या क्लचनेच तुमच्या बोटांची ही गत केली, बाबा. माझीही करून घेऊ?"

तेव्हापासून मांजर.

फोस्का आतून धुमसत होती. तिला एवढंच हवं होतं, की बापाने सुरुवातीच्या रेषेपाशी उभं राहून तिला गाडीवर बघावं. आणि रविवारी तो आला. इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट घालून गवताच्या गठ्ठ्यांमागे उभा राहिला. तिला फार बरं वाटलं, पण तिने तोंड वाकडंच ठेवलं.

झेंडा पडला. या गाड्या ढकलूनच सुरू करायच्या. फोस्का क्लच दाबून धावली, उडी मारून बसली, क्लच सोडला. चाक फिरत राहिलं, इंजिनाने हूं की चूं केलं नाही. पुन्हा धावली. पुन्हा तेच. बाकीचे धूर सोडत वळणापलीकडे गेले.

"अगं, बापाला बोलव ढकलायला!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं आणि लोक हसले.

तिने गाडी कडेला घेऊन क्लचचं झाकण उघडलं. आत तेलच तेल! हा क्लच कोरडा चालतो, तेल लागलं की घसरतो. आणि क्लचला तेल पाजणारा गावात एकच माणूस. जुन्या क्लचमध्ये कॉर्कच्या चकत्या होत्या. शर्यतीच्या सकाळी त्यांना कोमट तेल पाजल्याशिवाय अंतेओ चर्चलाही जात नसे.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा गेली आणि तेलाने माखलेला हात तिने त्याच्या शर्टाला पुसला.

"एवढं पोटात दुखत होतं? बसू नकोस म्हणून तोंडावर सांगायचं होतंत! चोरासारखं काय तेल ओतता?"

"चोर? मी?" अंतेओ ओरडला. "मी म्हटलं, जाऊ दे, पोरीने बसवलाय ना, मग हाच आपला क्लच! सकाळी उठून तेल कोमट केलं, माझ्या क्लचला पाजायचो तसं पाजलं. तुला दगा देऊ नये म्हणून!"

"तो कोरडा असतो!"

"मग सांगायचं होतंस!"

"तुम्ही बोलत होतात का माझ्याशी?"

"मग मांजराला सांगायचं! मी ऐकत होतो की!"

झाकणावरचं तेल ओतायचं भोक तिनेच न बुजवता ठेवलं होतं, हे आठवून फोस्काला आणखी संताप आला. समोरून सगळ्या गाड्या फेरी पुरी करून गर्जत गेल्या. तिने त्याला गाडीपाशी नेलं, क्लचच्या प्लेट सोडवल्या, पेट्रोलचा डबा आणि फडकं त्याच्या पुढ्यात आपटलं.

इस्त्रीच्या पँटसकट तो रस्त्यावर बसला. वाकड्या बोटांनी एकेक प्लेट धुऊन पुसू लागला.

"एवढी कोरडी?" तो गुरगुरला.

"आणखी," फोस्का म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसून दुसरी प्लेट पुसायला लागली.