लाली लागलेले तीन स्पोक

चाळीस

मी. ए. क. जु. नी. मो. टार. साय. कल.

माफ करा, मित्रांनो. काटा चाळीसवर गेला की माझे बोलणे असेच तुटत असे. पुढचे चाक थरथरे, हँडल थरथरे, आरसा थरथरे, आणि आरशात मागे पडत जाणारी सागाची झाडेसुद्धा थरथरत. आता मी उभी आहे. इंजिन बंद आहे. आता सगळे सरळ सांगते. पण जे घडले त्याचा धक्का अजून माझ्या लोखंडातून गेलेला नाही. मध्येच एखादे वाक्य तुटले, तर सांभाळून घ्या.

शून्य

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. मालगाडीने मी चंद्रपूरला आले आणि पहिली काही वर्षे एका साहेबांकडे राहिले. त्यांची बदली झाली तेव्हा सिंदेवाहीजवळच्या मुखरूभाऊंनी मला विकत घेतले. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि माझी टाकी लाल होती.

मुखरूभाऊ नाटकात नटांची तोंडे रंगवत. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झाले की गावोगाव नाटकांचे मंडप पडतात. आज चामोर्शीकडे, उद्या गोंडपिपरीकडे. मी, भाऊ आणि कॅरिअरला बांधलेली रंगांची पत्र्याची पेटी. भाऊ श्वास रोखून एका दमात राजाची भुवई काढत. ब्रश उचलला की भुवई तयार. पुसणे नाही, दुरुस्ती नाही. माझ्या दिव्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी असेच दोन डोळे काढले होते. पोरे मला ‘डोळेवाली’ म्हणत. खरे सांगते, मला त्याचा फार अभिमान होता.

पुन्हा चाळीस

यंदाच्या हंगामात माझे पुढचे चाक हलू लागले. तिसापर्यंत काही नाही. पस्तीसला कुजबुज. चाळीसला मी अंगात आल्यासारखी घुमू लागे.

एका गावात भाऊंनी राजाची मिशी काढली आणि ती वाकडी गेली. राजा रंगमंचावर आला तसा कोणीतरी ओरडला, “अरे, राजाच्या मिशीले लकवा मारला का?” सगळा मंडप हसला. नाटक कंपनीचे मालक नथ्थूभाऊ मात्र हसले नाहीत. ते बाहेर माझ्यापाशी आले. मुखरूभाऊ त्यांच्या मागे मागे आले.

“काय बे मुखरू, हे काय होय?”

“गाडी, नथ्थूभाऊ. पुढचं चाक हालून राह्यलं. इतक्या दूर हँडल धरून आलो का हात बधिर होते.”

“मंग गाडी नीट कर. आणखी एक मिशी अशी गेली त मले दुसरा मानूस पाहा लागन.”

मित्रांनो, मला लाज वाटली. ज्या हातांनी मला डोळे दिले, त्यांचे काम माझ्यामुळे जाणार होते!

दुसऱ्याच दिवशी भाऊंची मुलगी मंजुषा आणि भाऊ मला सिंदेवाहीच्या प्रफुल मिस्त्रीकडे घेऊन गेले. प्रफुलने आधी टायरातली हवा पाहिली. ती बरोबर होती. मग त्याने मला डबल स्टँडवर चढवले, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा दिला आणि माझे पुढचे चाक अधांतरी झाले. त्याने रिंगजवळ तारेचा तुकडा धरून चाक फिरवले. एका बाजूला तार घासे, दुसऱ्या बाजूला फट पडे. मग त्याने चाक वरून आणि खालून धरून हलवले. आतून खुळखुळ आली.

“बेरिंग गेली. रिंगबी आऊट हाये,” प्रफुल म्हणाला. “बाई जुनी झाली, पन हाड चांगलं हाये.”

“कोनाले बाई म्हनते?” मंजुषा हसली.

“हिले म्हनलो. तुले म्हनाची हिंमत नाई बाप्पा.”

त्याने नव्या बेरिंग बसवल्या. एकेक स्पोक कसला. पान्ह्याने ठोकला की कसलेला स्पोक टिंग वाजतो, ढिला असला तर थड. माझे सगळे स्पोक टिंग वाजू लागले. मग तो मला रस्त्यावर घेऊन गेला. चाळीस. पंचेचाळीस. पन्नास. मी बोलत होते आणि माझे एकही अक्षर तुटत नव्हते.

“मुखरूभाऊ, आता हँडलवर च्या ठेवून जा,” तो म्हणाला. “सांडनार नाई.”

भाऊ हसले नाहीत. याचे मला तेव्हा नवल वाटले.

पन्नास

परतताना चाक गप्प होते. तरीही उजव्या मुठीत काहीतरी थरथरत होते. अगदी बारीक, पानावर किडा चालावा तसे. मला वाटले, माझ्यातच काही राहून गेले असेल.

दोन दिवसांनी, भर दुपारी, भाऊंनी अंगणात मोहाच्या झाडाखाली पेटी उघडली. मंजुषा विहिरीवर गेली होती. त्यांनी जेवणाची थाळी पालथी घातली, बोट लालीत बुडवले आणि थाळीवर रेघ ओढली. रेघ नागमोडी गेली. त्यांनी पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा नागमोडी. मग बराच वेळ ते माझ्याकडे पाहत बसले.

मग ते उठले. माझ्याच टूलकिटमधून त्यांनी स्पोकची चावी काढली. माझ्या पुढ्यात उकिडवे बसले. आणि.

मला सांगवत नाही.

त्यांनी माझा एक स्पोक ढिला केला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा.

माझ्याच माणसाने! ज्याने मला डोळे दिले त्याने, माझ्या डोळ्यांदेखत! मी ओरडले असते, पण गाडीचा हॉर्न दुसऱ्याला दाबावा लागतो.

विहिरीवरून आलेल्या मंजुषाला ते म्हणाले, “पोरी, गाडी आणखी हालाले लागली वाटते.”

“काऊन? आताच त नीट केली.”

“जुनी हाये. चालाचंच.”

त्याच संध्याकाळी आम्ही चामोर्शीच्या वाटेला लागलो. मंजुषा मागे बसली होती, पेटी मांडीवर घेऊन. तीस. पस्तीस. मी मनात म्हणत होते, भाऊ, हळू चालवा. चाळीस. पूल दिसला. शेजारचा एक चांगला स्पोक तुटला, टक्. दुसरा तुटला, टक्. हँ. डल. उज. वीक. डे. डा. वीक. डे. पू. ल. मं. जु. षा.

पुलाच्या अलीकडे मी धानाच्या बांधीत आडवी पडले. माझा डावा डोळा दगडावर घासला गेला. मंजुषा कापलेल्या धानाच्या खुंटांत पडली होती आणि तिच्या कपाळावर रक्त होते. भाऊ गुडघ्यांवर रांगत तिच्याकडे गेले. मंजुषा उठून बसली, पदराने रक्त पुसले आणि म्हणाली, “पेटी पाहा बाबा, फुटली का?”

शून्य

दुसऱ्या दिवशी एका टेम्पोत घालून मला प्रफुलकडे नेले. मंजुषाच्या कपाळाला पट्टी होती. प्रफुलने स्पोक ठोकले. टिंग. टिंग. थड. थड. थड.

तो खाली वाकला. “दोन तुटले ते समजलं. पन हे तीन शेजारी-शेजारी ढिल्ले कसे झाले? मीच कसले होते.” त्याने स्पोकच्या टोकावर बोट फिरवले आणि वर पाहिले. “अन् ह्याले लाली कोनं लावली? चाकाचं लगन होतं का?”

तो एकटाच हसला. मंजुषा हसली नाही. ती बापाच्या बोटांकडे पाहत होती. नखांच्या कडेला लाली अजून होती.

“बाबा?”

भाऊंना काहीतरी धरायला हवे होते. त्यांनी माझे हँडल धरले.

“गाडी हालते, पोरी. गाडीच हालते. गाडी हालते म्हनून माहा हात...”

मित्रांनो, माझे इंजिन बंद होते. चाक अधांतरी आणि स्थिर होते. आणि माझे हँडल थरथरत होते.

ते तिघांनीही पाहिले. मंजुषाने बापाच्या हातावर आपला हात ठेवला. तरी ते थांबले नाही.

“कवापासून?” तिने विचारले.

“मागच्या हंगामापासून. काम गेलं असतं, मंजू. गाडीचं नाव घेतलं त चालत होतं.”

“अन् मी मेली असती त?”

भाऊ रडले. प्रफुल दुसरीकडे तोंड करून विनाकारण एक साफ पान्हा पुसत राहिला.

आता भाऊ चंद्रपूरच्या डॉक्टरांचे औषध घेतात. थरथर कमी झाली आहे, गेलेली नाही. नथ्थूभाऊंना मंजुषानेच सगळे सांगितले. आता राजाची भुवई ती काढते. भाऊ बाजूला बसून सांगतात, “श्वास रोख. आता ओढ.” मला तीच चालवते.

माझा डावा डोळा मात्र भाऊंनीच पुन्हा काढला. “मी काढते,” ती म्हणाली. “मले काढू दे,” ते म्हणाले. म्हणून माझा उजवा डोळा आजही सरळ आहे आणि डावा नागमोडी. पोरे हसतात. मला दोन्ही डोळ्यांनी सारखेच दिसते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी म्हणाले की गाडी हलते, तर हवा पाहा, बेरिंग पाहा, एकेक स्पोक ठोकून पाहा. आम्हा जुन्या गाड्यांना तेवढे प्रेम पुरते. पण सगळे स्पोक टिंग वाजले तर तिथेच थांबू नका. इंजिन बंद करा, आणि हँडल धरणाऱ्याचा हात आपल्या हातात घेऊन पाहा.