जावई लाडू खातो की नाही

आष्ट्याच्या वाचनालयात जुनी पुस्तकं रद्दीत काढायचं ठरलं आणि ती निवडायचं काम ग्रंथपाल गुणमालाबाईंकडे आलं. वाळवी लागलेली, पानं गळालेली पुस्तकं पोत्यात भरताना तळहाताएवढं, कव्हर नसलेलं एक पुस्तक त्यांनी सहज उघडलं. सव्वाशे वर्षांपूर्वीचं, शिळाछापावर छापलेलं, हसवणाऱ्या चुटक्यांचं. पहिल्या तीन चुटक्यांना त्या गालात हसल्या. चौथ्याला त्यांना कपाटाचा आधार घ्यावा लागला.

रोज पेपर वाचायला येणारे निवृत्त एसटी ड्रायव्हर आप्पासो मान वर करून बघायला लागले. बाईंना असं हसताना त्यांनी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. काय झालं ते त्यांनी विचारलं, तेव्हा बाईंनी चुटका मोठ्यानं वाचून दाखवला. मग आप्पासोंचा पेपर तसाच मांडीवर राहिला.

पुस्तक पोत्यात गेलं नाही. रोज अकराला एक चुटका वाचायचा, असा रिवाजच पडला. ऐकायला दहा-बारा माणसं जमायला लागली. पायरीशी मेथी-कोथिंबीर विकणारी हरणाबाई दारातूनच ऐकायची. आत यायची नाही, बोलायची तर मुळीच नाही.

महिन्याभरात शेवटचा चुटका आला. बाई वाचायला लागल्या. एक नवा जावई सासुरवाडीस निघाला. आईने बजावले, पानात वाढू लागतील तेव्हा दोनदा नको म्हणावे, तिसऱ्या वेळी घ्यावे. सासूने लाडू आणले. जावई नको म्हणाला. सासूने पुन्हा आग्रह केला. जावई पुन्हा नको म्हणाला. तेव्हा सासू लाडवांचे ताट घेऊन माघारी वळली. ते पाहून जावई...

पान संपलं. पुढचं फाटलेलं होतं.

सगळे हळहळले. दुसऱ्या दिवसापासून जो तो आपापला शेवट घेऊन यायला लागला. आप्पासोंच्या शेवटातला जावई म्हणाला, मला कमी ऐकू येतं, परत एकदा विचारा. कुणाचा जावई मुद्दाम उचकी लावून घेत होता. कुणाचंच कुणाला पटेना. अखेर बाईंनी पुस्तकाचे फोटो ओळखीच्या मंडळींना पाठवले. ते फिरत फिरत सांगलीच्या पुष्करपर्यंत पोचले. पुष्कर कॉलेजात मराठी शिकवायचा आणि जुनी छापील पुस्तकं जमवायचा. त्याच्याकडे याच पुस्तकाची अख्खी प्रत होती. फोटोवर भागवायचं त्याला बरं वाटेना. शनिवारी तो पुस्तक घेऊन बसनं आष्ट्याला आला.

त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. पुष्करनं घसा साफ केला आणि शेवट वाचला. "ते पाहून जावई काही न बोलता उपाशीच उठला. तात्पर्य, अतिसंकोच करू नये."

कुणी हसलं नाही. आप्पासोंनी चष्मा काढून पुसला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते हे असं निघावं, याचं गुणमालाबाईंना वाईट वाटलं. पुष्कर तर बिचारा आपणच गुन्हा केल्यासारखा उभा राहिला.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"आवं सर, जावई काय उपाशी उठंल व्हय?" हरणाबाई उंबऱ्यावर उभी होती. "त्यानं बायकूला हाक मारली. म्हणला, अगं, तुझ्या आईला तीनापातूर मोजायला कुणी शिकीवलं न्हाई का?"

 आप्पासो असे हसत सुटले की त्यांच्या खोकल्यावर कुणीतरी पाणी घेऊन धावलं. पुष्कर टेबलावर हात आपटून हसत होता. गुणमालाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हरणाबाई, आपण एवढं काय बोललो, अशा नजरेनं सगळ्यांकडे बघत होती.

हसणं ओसरल्यावर पुष्करनं खिशातून पेन्सिल काढली आणि आपल्या प्रतीत छापील तात्पर्याखाली नवा शेवट लिहिला. मग त्यानं हरणाबाईला पूर्ण नाव विचारलं.

"माझं नाव कशाला वो?" ती लाजली.

"छापणाऱ्याचं नाव आहे पुस्तकात," पुष्कर म्हणाला. "सांगणारीचंही हवं."

तिनं नाव सांगितलं. त्यानं लिहिलेलं ते तिला वाचता येत नव्हतं, म्हणून गुणमालाबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि तिचं बोट अक्षरांवरून फिरवत दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला तिनंच सांगितलं.