शनिवारी तेल

'गावचा माल गावातच घ्या' असा कापडी फलक लावून सरकारनं पालमच्या बाजारतळावर खरेदी दिवस भरवला होता. वार शनिवार. तारीख ठरवणाऱ्या साहेबाला कुणी सांगितलंच नव्हतं, की शनिवारी इथं कुणी तेल विकत घेत नाही. घरात साडेसाती येते म्हणतात.

कुसुमबाईनं आपल्या लाकडी घाण्याचं करडईचं तेल दोन डबे भरून मांडलं होतं. पाच वाजेपर्यंत दोन्ही खपले, तरच घाण्याला सरकारी कोट्यातली करडई मिळणार होती. दुष्काळानं गावात दाणा उरला नव्हता. कोटा नाही, तर घाणा बंद आणि बैल विकायचा.

बायका येत, वास घेत, "लय झ्याक हाय" म्हणत आणि पुढं सरकत.

"उद्या न्यू की, कुसुमबाई."

"उद्या सायब कुठं थांबायलाय, कडूबाई? पावशेर तरी घ्या."

"पावशेर तेलात अख्खा शनी घालतीस व्हय माझ्या घरात?"

नवरा रंगनाथ मान खाली घालून बसला होता. त्यानंही आजवर शनिवारी तेल विकलं नव्हतं.

दोन वाजले. कुसुमबाईनं एक डबा डोक्यावर घेतला आणि थेट बौद्धवाडा गाठला. त्या लोकांनी ग्रह-नवस सोडून अठरा वर्षं झाली होती. शाळेतल्या बाई, सत्यशीला, दारातच होत्या.

"बाई, तुमाला शनिवार न्हाई ना?"

"आमाला शनिवार न्हाई. पण तुमाला आमी चालतो का? घाण्यावर आलं की हातभर वरून धार सोडता. बरणीला माप लागू देत न्हाई."

कुसुमबाईनं डोक्यावरचा डबा खाली उतरवला.

"तेल घेऊ," सत्यशीला म्हणाल्या. "माप आमच्या हातात द्या."

हे कळलं की गावातली गिऱ्हाइकं तुटणार, हे कुसुमबाईला ठाऊक होतं. तिनं माप पुढं केलं. बायका बरण्या घेऊन जमल्या आणि डब्यात माप बुडवून आपापलं तेल घेऊ लागल्या. तळ दिसला.

ती परतली, त्याआधीच बातमी बाजारतळावर पोचली होती. रंगनाथ ताडकन उठला.

"काय केलंस हे? उद्यापासून कोण घेईल आपलं तेल?"

साहेबाच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. वाड्यातल्या बरण्या तर भरून गेल्या होत्या, पण तांबे-कळश्या अजून रिकाम्या असतील. कुसुमबाईनं दुसरा डबा उचलला आणि डोक्यावर चुंबळ न घेताच पुन्हा बौद्धवाड्याकडं धावत सुटली.