सत्तावीस सेंटिमीटरचा रस्ता

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या घड्या मोजल्यात तर सोळा भरतील आणि चिकटपट्ट्या सात. मी स्टॉकहोम नावाच्या राजधानीचा एक जुना कागदी नकाशा आहे. ते शहर बेटांवर वसलेलं आहे, त्यामुळे माझ्या अंगावर रस्त्यांइतकंच पाणी आहे.

त्याच शहरातल्या छापखान्यात मी जन्मलो. बंदराजवळच्या दुकानातून मला एका मालवाहू जहाजावरच्या इलेक्ट्रिशियनने घेतलं. त्याला एकाच दिवसाची सुट्टी होती. मला हातात धरून तो स्टेशनपासून निघाला, जुन्या शहरातल्या बोळांतून गेला आणि पूल ओलांडून दक्षिणेकडच्या उंच कड्यावर पोहोचला. तिथून सगळं शहर पाण्यावर तरंगताना दिसतं. मला गवतावर पसरून तो स्वतःशीच म्हणाला, "ती असायला हवी होती."

ती म्हणजे त्याची बायको. घरी लोकांचे कपडे शिवायची. तो मला घरी घेऊन आला, तिची-माझी ओळख झाली, कौतुक झालं, आठवडाभर मी टेबलावर मिरवलो. मग कुणीतरी मला स्वयंपाकघराच्या खणात चमच्यांखाली अंथरलं, तेही पालथं! तीस वर्षं मी तसाच पडून होतो. तेलाचे डाग पडले, घड्या फाटल्या.

एका हिवाळ्यात खण साफ करताना तिने मला उलटलं. तोवर सगळी गल्ली तिला शिंपीणबाई आणि तिच्या निवृत्त नवऱ्याला जहाजकाका म्हणू लागली होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पाय नीट वाकत नव्हता.

"अहो, हेच ना ते कड्याचं शहर?"

"हो."

"मग जूनमध्ये जाऊ या."

जहाजकाका हसले. "अगं, तिथे चालावं लागतं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना तू दोनदा बसतेस. नकाशावर बोट फिरवणं सोपं असतं."

"मग बोट नको, दोरा फिरवते," ती म्हणाली.

तिने मला चिकटपट्ट्या लावल्या. लाल दोरा घेतला आणि स्टेशनपासून कड्यापर्यंत प्रत्येक वळणावर टाचणी टोचत तो माझ्यावर बसवला. टाचण्या टोचल्या खऱ्या, पण तीस वर्षांनी मी कुणाच्या तरी कामाला येत होतो! मग टाचण्या काढून तिने टेपने दोरा मोजला. सत्तावीस सेंटिमीटर. माझा एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर. इमारतीचा व्हरांडा तीस मीटरचा होता.

"नव्वद फेऱ्या," शिंपीणबाई म्हणाली आणि काठी घेऊन उठली.

पहिल्या दिवशी अकराच झाल्या. शेजारीण दारातून डोकावली. "काही हरवलं का हो?"

"नाही, आत्ताच स्टेशनहून निघालेय."

रोज एखाद-दुसरी फेरी वाढत गेली. बावन्नपर्यंत पोहोचली आणि गुडघा भोपळ्यासारखा सुजला. मुलीचा फोन आला, "आई, हट्ट सोड. मी तुला व्हिडिओ दाखवते ना." जहाजकाकांनी माझी घडी केली आणि मला पुन्हा त्याच खणात ठेवलं. काळजीपोटीच ठेवलं, पण मी पुन्हा चमच्यांखाली!

तिसऱ्या दिवशी लंगडत येऊन तिने खण उघडला आणि मला त्यांच्यासमोर पसरलं.

"शहर तुम्ही पाहिलंय, मी नाही. जाऊ नको म्हणण्यापेक्षा दम कुठे लागेल ते सांगा."

जहाजकाका माझ्यावर वाकले. मग त्यांनी पेन्सिल घेतली. "इथे बाक होता. इथे पुलाचा कठडा आहे, टेकायला बरा. आणि हे शेवटचं... इथे चांगलाच चढ आहे. नकाशात दिसत नाही तो."

मी शरमलो. खरंच, मला चढ दाखवता येत नाही. मी सपाट कागद!

त्या दिवसापासून बेत दोघांचा झाला. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चालण्याचा क्रम बांधून दिला: थोडं चालायचं, थांबायचं, सूज आली की विश्रांती. चढाच्या सरावासाठी जिना होताच. तिच्यामागून एक पायरी खाली जहाजकाका चालत, सावरायला. मे महिन्यात एका सकाळी नव्वदावी फेरी पूर्ण झाली. शिंपीणबाई खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आता तिकिटं काढा."

जूनमध्ये आम्ही त्या स्टेशनाबाहेर उभे होतो. जहाजकाकांच्या फोनमध्ये बोलणारा नकाशा होता, तरी तिने मलाच उघडलं. जुन्या शहरातला बाक आता नव्हता. ती दगडी पायरीवर टेकली. पूल झाला. चढावर मात्र तिचा चेहरा पांढरा पडला.

"परत फिरू या का?" काकांनी विचारलं.

"किती राहिलंय?"

त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं. "दीड सेंटिमीटर."

"मग चला की!"

आणि ती वर पोहोचली. काठीवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ नुसती बघत राहिली. डोळे पुसले ते काकांनी.

एवढ्यात पाठीवर पिशवी घेतलेली एक तरुण बाई जवळ आली. ती वाट चुकली होती. भाषा कळेना, फक्त 'स्टेशन' एवढा शब्द कळला. शिंपीणबाईने मला कठड्यावर पसरलं, तिचं बोट धरलं आणि ते माझ्यावरून हळूहळू स्टेशनापर्यंत नेलं.

मित्रांनो, नकाशे खणात अंथरू नका. त्यांची घडी मूळच्या रेषांवरच घाला आणि फाटले तर वेळेवर चिकटवा. आणि घरातलं कुणी मोठ्या प्रवासाचा बेत सांगू लागलं, तर "झेपेल का?" असं आधी विचारू नका. शेजारी बसा आणि विचारा, "कुठून निघायचं?"