एकच अणू, तोही सासूबाईंसाठी

"अगं, हे भाजायला ठेवलंय की पार्सल बांधलंय?" सासूबाईंनी सुनेच्या प्रयोगशाळेतल्या, चंदेरी कागदात गुंडाळलेल्या पोलादी भांड्याकडे बोट दाखवलं.

"भाजून झालं, आई. दहा दिवस. आत हवा उरायला नको म्हणून."

"घरी दूध तापवायचा कंटाळा, आणि इथे दहा दिवस रिकामं भांडं भाजलंस?"

भांड्यातली हवा उपसणारा पंप सांभाळणारा सहकारी, त्याला सगळे पंपवालाच म्हणत, खुसखुसला. "आजी, दोनदा भाजलं. पहिल्या खेपेला आत अंगठ्याचा ठसा राहिला होता. तेवढ्यानं सगळं नासलं."

"कुणाच्या अंगठ्याचा?"

सून आणि पंपवाला, दोघंही छताकडे बघायला लागले.

सासूबाई आज थोरल्या मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या. सहा वर्षं त्यांनी घर आणि नात सांभाळली, तेव्हा कुठे सुनेचा हा भांड्यातला सापळा उभा राहिला. त्यात विजेच्या जोरावर एकच अणू अधांतरी धरायचा होता. अजून एकही सापडला नव्हता. थोड्याच वेळात गाडी येणार होती, आणि सासूबाईंना रिकामा पडदा दाखवून पाठवायचं सुनेच्या जिवावर आलं होतं.

तिने दिवे मालवले. लेझरचं बटण केसभर फिरवलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठिपका!

"आला! आला!" पंपवाला नाचायलाच लागला. शेजारच्या खोलीतले चौघे धावत आले, काळोखात एकमेकांवर आपटले आणि आपटलोच आहोत तर म्हणून मिठ्या मारून मोकळे झाले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

सुनेने खात्रीसाठी लेझरसमोर पुठ्ठा धरला. प्रकाश तुटला की अणू दिसेनासा व्हायला हवा.

ठिपका ढिम्म.

कॅमेऱ्यातच खोट होती. चौघे पाय न वाजवता परत गेले.

"म्हणजे मी कॅमेऱ्याचा तीळ बघून रडले?"

"हो, आई."

"बरं. थोरल्याला सांगू नकोस. वर्षभर चिडवेल."

खाली हॉर्न वाजला. "जा रे, ड्रायव्हरला बोलण्यात गुंतव," सासूबाईंनी पंपवाल्याला पिटाळलं.

सुनेने पुन्हा बटण धरलं. हॉर्न आणखी दोनदा वाजला. आणि पडद्याच्या मधोमध एक ठिपका उमटला. पुठ्ठा धरला, गेला. काढला, आला.



"एवढासाच?"

"एवढासाच."

सासूबाई पडद्याला नाक लागेल इतक्या वाकल्या. "मिणमिणतोय का गं?"

"माझा हात थरथरतोय."

"आणि तू उठलीस तर?"

"जाईल. जाऊ दे, परत धरेन. चला, खाली सोडते तुम्हाला."

सासूबाईंनी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं. हात जरा वेळ तिथेच राहिला.

"येते मी," त्या म्हणाल्या.

जिन्यावर त्यांची पिशवी दर वळणावर टेकल्याचा आवाज आला, पुन्हा उचलल्याचा आला. मग गाडीचं दार लागलं. सुनेने बटण तसंच धरून ठेवलं होतं. ठिपका आता अजिबात मिणमिणत नव्हता.