नववा रकाना

युरोपातली मुक्त स्पर्धा त्या सकाळी पोस्टमन ओदिलोंच्या दोन गुडघ्यांवर उभी होती. डाव्यात पाणी झाले होते, म्हणून टपाल कचेरीतल्या बाकावर बसून तो त्याला पट्टी गुंडाळत होता.

पोस्टमास्तरीण ओर्तांस कमरेवर हात ठेवून समोर उभी होती.

"पुन्हा सांगते. आज चालायचं. पळायचं नाही."

"ऐकलं."

"कालही ऐकलं होतंस. हे बघ, आपली मक्तेदारी गेली, पण माळावरची एकवीस घरं आपल्याच गळ्यात आहेत. ती परवडत नाहीत म्हणून सरकार मदत देतं. कुरियरवाल्यांनी ब्रसेल्सला, युरोपच्या स्पर्धा-कचेरीत, तक्रार केलीय, की परवडत नाही हे खोटं, सरकार यांना फुकट पोसतंय. म्हणून चौकशीची बाई येतेय फेरीचा वेळ मोजायला. तीन तास लागले तर खर्च खरा ठरेल, फेरी चालू राहील. नाहीतर सगळ्यांच्या पेट्या खाली फाट्यावर. सिदोनीबाई उतरणार का चार किलोमीटर, एकोणनव्वदाव्या वर्षी?"

"रोज तीन तास लागतातच की."

"मग आजही लागू देत."

मोजणारी बाई आठला आली. नाव आनलीस, गाव उत्तरेकडचे, डच बोलणारे गेंट. तिचे फ्रेंच ओर्तांसपेक्षा शुद्ध होते, पण सूर फ्लेमिश, म्हणजे उत्तरेकडचा होता. तो कानावर पडताच ओदिलोंने पोट आत घेतले.

ओर्तांसने डोळे मिटले. दक्षिणेकडच्या, फ्रेंच बोलणाऱ्या वालोनियातला माणूस साहेबापुढे, पाद्र्यापुढे, प्रसंगी बायकोपुढेही पाय पसरून बसतो. फ्लेमिश माणसापुढे नाही. दक्षिणेकडचे लोक आळशी, आमच्या जिवावर जगतात, हे त्याने उत्तरेकडून जन्मभर ऐकलेले असते.

"बसा बाई," ओदिलों बाहेर टपालगाडीचे दार उघडत म्हणाला. "पट्टा घट्ट लावा."

पहिले घर लांबेरचे. त्याच्या फाटकाशी रोज रानडुकरांवर चर्चा होई. आज लांबेर तोंड उघडेपर्यंत पत्र फटीतून आत पडले होते आणि गाडी वळली होती.

"इतकी घाई रोजच असते?" आनलीसने विचारले.

"आम्ही हे असेच. का, गेंटमध्ये झोपा काढत टपाल वाटतात?"

ती हसली आणि हातातल्या टॅबच्या पडद्यावर काहीतरी टिपले. पुढच्या घरी ओदिलों दुखऱ्या गुडघ्यानिशी पळाला.

शेवटचे घर सिदोनीचे. दार उघडे होते, टेबलावर दोन कप मांडलेले. दाराशी कोळशाची बादली, रिकामी. ती रोज ओदिलोंच भरत असे.

"आलास, पोरा? बस. ही कोण, तुझी सून का?"

"ऑफिसच्या बाई आहेत. बसायला वेळ नाही, मावशी."

"वेळ नाही? का रे, कोण गेलं?"

त्याने तिच्या हातात पाकीट दिले. तिने ते उलटसुलट करून डोळ्यांजवळ नेले आणि पुन्हा त्याच्यापुढे धरले.

"वाच की. दवाखान्याचं असेल."

"उद्या वाचतो."

त्याचा हात बादलीच्या कडीपर्यंत गेला. तो त्याने खिशात घातला.

गाडीत बसल्यावर आनलीसने पडद्यावरचा तक्ता पुढे सरकवला.

"इथे तुम्ही रोज थांबत नाही?"

"मी? कामाच्या वेळेत? छे!"

"माझ्या आजीकडे पोस्टमन अर्धा तास बसायचा. या तक्त्याच्या नवव्या रकान्यात तो वेळ धरता येतो. एकट्या वृद्धांची विचारपूस, सार्वजनिक सेवा. दोन कप दिसले, म्हणून विचारलं. काय लिहू?"

ओदिलोंने दोन्ही हातांनी चाक धरले होते. आरशात सिदोनी पाकीट हातात घेऊन दारातच उभी होती.

"शून्य," तो म्हणाला. "शून्य लिहा."

फेरीला एक तास अठ्ठेचाळीस मिनिटे लागली. ओर्तांसने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग त्याच्याकडे. 

ब्रसेल्सचा निकाल चौदा महिन्यांनी आला. एकशे बारा पानांचा. टपाल कंपनीला मिळालेली मदत गरजेपेक्षा जास्त होती, त्यामुळे स्पर्धेला बाधा आली होती. नोव्हेंबरात फाट्यावर एकवीस पेट्या लागल्या. त्यांचे स्क्रू ओदिलोंनेच आवळले. नाताळापर्यंत सिदोनीची पेटी तोंडापर्यंत भरली.

तक्रार करणाऱ्या कुरियर कंपनीची गाडी माळावर कधीच जात नाही. तिथली पार्सले ती टपालानेच पाठवते.